जपान शिकायचंय ना? बस मग अशी समोर

अगं, तुझा तो लांबलचक निरोप सावकाश वाचला. चिखलीत बी.ए. होत आलंय, पुण्याला जाऊन जपानीची एन-५ परीक्षा दिलीस, पासही झालीस. आता 'जपानचा अभ्यास' हाच विषय धरून एम.ए. करायचं आणि जमलं तर पुढे पीएच.डी., असं म्हणतेस. घरात मात्र सगळ्यांचा एकच घोषा, की एका देशाचं शिकून पोटापाण्याचं काय? थोरल्या आत्याने तर "काहून वं पोरी, आपल्या देशाचं समदं शिकून झालं काय?" म्हणून तुझी बोलतीच बंद केली. मला हसूच आलं बघ. हाच प्रश्न मलाही आमच्या मेहकरच्या घरात भर पंगतीत विचारला गेला होता आणि मी उत्तर म्हणून नुसतं लोणचं वाढलं होतं.

आधी जरा दम घे. तुला वाटतंय तेवढं हे जगावेगळं नाही. एखादा देश धरायचा आणि त्याची भाषा, इतिहास, शेती, राजकारण, घरदार असं सगळं मिळून शिकायचं, याला विद्यापीठात एरिया स्टडीज म्हणतात. आपल्याकडे हे चालू होऊन बरीच वर्षं झाली. १९५५ साली दिल्लीत सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघालं, तेच १९७० मध्ये जेएनयूत सामील झालं. १९६२ चं चीनचं युद्ध झालं आणि शेजारच्या देशाची भाषा जाणणारी माणसं आपल्याकडे किती थोडी, हे सगळ्यांनाच टोचलं. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचा विभाग आला, पुढे जपानीही त्यात आली. आज तो ईस्ट एशियन स्टडीज म्हणून ओळखला जातो. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचं केंद्र आहे. तिथेच सोव्हिएत देशाच्या अभ्यासाचंही एक केंद्र होतं आणि त्याची गंमत ऐक. १९९१ मध्ये तो देशच नकाशावरून गेला! आयुष्यभर ज्या देशाचा अभ्यास केला तो देशच उरला नाही, म्हटल्यावर काय वाटलं असेल गं त्या लोकांना? पण केंद्राने नाव बदललं, मध्य युरेशिया हा विषय घेतला आणि काम पुढे चालू ठेवलं. ज्यांना रशियन येत होती त्यांची रशियन काही १९९१ ला संपली नाही.

म्हणून पहिली दटावणी हीच, की भाषा पक्की कर. एन-५ पास झाल्याचा आनंद आहेच, पेढे मी खाल्ले समज. पण खरं सांगू का, एन-५ वर दुकानाची पाटी वाचता येते, वर्तमानपत्र वाचता येत नाही. जपानी सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेली कांजी अक्षरंच २,१३६ आहेत. घाबरू नकोस, ती काही एका पावसाळ्यात शिकायची नसतात. गणिताची चौकटींची वही आण, ती स्वस्त पडते आणि कांजी लिहायला अगदी नेमकी असते. रोज थोडी अक्षरं, प्रत्येक अक्षर एका ओळीभर, रेघांचा क्रम न चुकवता. आणि केवळ ॲनिमे बघून बोलायला शिकू नकोस हं. मी तसंच शिकले होते आणि पहिल्याच वर्गात एका वयोवृद्ध जपानी सेन्सेईंशी नाक्यावरच्या उनाड पोराच्या भाषेत बोलले. बिचारे इतकंच म्हणाले, "आवाज छान खणखणीत आहे."

दुसरं म्हणजे दारं दोन आहेत, ती एकमेकांत मिसळू नकोस. एक आहे भाषा-साहित्याचं. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचं एम.ए. करता येतं, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, जेएनयूत जपानीचं स्वतंत्र केंद्र आहे. पण जपानीच्या एम.ए.ला एन-५ पुरत नाही, आधी भाषा बरीच वर न्यावी लागते. दुसरं दार समाजशास्त्रांकडून उघडतं. इतिहास, राजकारण, अर्थकारण घेऊन त्या देशाकडे जायचं. जेएनयूतच आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या शाखेत पूर्व आशियाचं केंद्र आहे, दिल्ली विद्यापीठातला विभाग आहेच. अशा ठिकाणी एम.ए.ला भाषा आधीच यावी अशी अट सहसा नसते, ती शिकवतात. तुझं बी.ए. इतिहासाचं आहे, तुला गोष्टी खणून काढायची खोड आहे, त्यामुळे मला तरी दुसरं दार तुझं वाटतं. भाषेचे वर्ग मात्र सोबत चालूच ठेवायचे.

आता आत्याकडे वळू. तिचा प्रश्न टाकाऊ नाही गं, उलट फार चांगला आहे. पण तो उलटा करून बघ. हिरोशी फुकाझावा नावाचे जपानी इतिहासकार होऊन गेले. ते मराठी कागदपत्रं वाचून आपल्या दख्खनच्या गावगाड्यावर, वतनांवर, बलुतेदारीवर लिहीत बसले. १९९१ मध्ये त्यांच्या लेखांचं 'द मिडिव्हल डेक्कन' हे पुस्तक निघालं. जर्मनीत हायडेलबर्गला गुंथर सोन्थायमर खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्या घेऊन बसले. अमेरिकेतल्या एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिला. ॲरिझोनाच्या ॲन फेल्डहाउस महानुभावांच्या पोथ्या वाचतात, म्हणजे ज्या चक्रधरस्वामींच्या लीळांत आपलं लोणार आणि मेहकर येतं, त्यांच्या पंथाच्या. यांच्यातल्या कुणाला त्यांच्या आत्याने विचारलं नसेल का, की तुमच्या देशाचं संपलं काय म्हणून? लोणारचं विवर बघायला जगभरातले भूशास्त्रज्ञ येतात, त्यांना आपण काही काहून म्हणून विचारत नाही, उलट चहा पाजतो. मग आपल्यातल्या एका पोरीने तिकडे जाऊन तिकडचं बघितलं तर बिघडलं कुठे?

पण बघ, यातच एक मेख आहे आणि ती मला फार उशिरा उमगली. फुकाझावांनी आपला अभ्यास केला तो जपानी माणसाच्या डोक्यातले प्रश्न घेऊन. शेतकरी, जमीन, गावाचे हक्क हे त्यांचे घरचे प्रश्न होते. आपण मात्र जपान शिकायला जातो तेव्हा बहुतेकदा अमेरिकेत छापलेली इंग्रजी पुस्तकं वाचतो आणि त्यांचेच प्रश्न उचलून आणतो. जपानची सुरक्षा, चीन, अमेरिकी तळ. विषय चांगलेच आहेत, पण त्यावर लिहिणारे शंभर जण रांगेत उभे आहेत आणि त्यात तुझं असं काय? तू तुझा प्रश्न बुलढाण्यातून घेऊन जा.

कसा, ते सांगते. तुझ्या आजोळी खामगावला कापूस आहेच ना, त्याचंच बघू. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस यायचा थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, जलंबहून निघणाऱ्या रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन करायला. एवढासा तो फाटा! पण त्याच्या टोकाला कापसाचा बाजार होता. स्वेन बेकर्टच्या 'एम्पायर ऑफ कॉटन' या २०१४ च्या जाडजूड पुस्तकात खामगाव येतं. आपल्या इथे किती जणांनी ते वाचलं असेल, देव जाणे.

इथपर्यंतची गोष्ट इंग्लंडची झाली. जपान यात पुढे येतो. १८८३ मध्ये ओसाकात १०,५०० चात्यांची मोठी सूतगिरणी सुरू झाली, तिच्यामागून आणखी निघाल्या, आणि त्यांना स्वस्त कापूस हवा होता. आपला आखूड धाग्याचा कापूस त्यांना चालत होता. पण जहाजाचं भाडं पी अँड ओ कंपनीच्या मुठीत. मग १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी केली आणि मुंबई ते कोबे जहाजं सुरू झाली. पी अँड ओने चिडून भाडी पाडली, तरी जपानी जहाजं टिकली. वऱ्हाडचा कापूस तेव्हाच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून ओळखला जायचा, उमरावती म्हणजे आपल्या अमरावतीवरून. हा ऊमरा ओसाकाला जाऊन सूत होत होता. ते सूत काढणाऱ्या कोण होत्या माहीत आहे? खेड्यापाड्यांतून आणलेल्या पोरी, तुझ्याहून लहान, गिरणीच्याच वसतिगृहात ठेवलेल्या. होसोई वाकिझो नावाच्या एका गिरणी कामगाराने १९२५ मध्ये त्यांच्या हालांवर 'जोको आइशी' हे पुस्तक लिहिलं.

पुढे १९३३ मध्ये इथल्या इंग्रज सरकारने जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरणीवाल्यांनी उलट फिरून हिंदुस्थानी कापसावरच बहिष्कार टाकला. महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या आणि १९३४ मध्ये तोडगा निघाला, की जपानने इथे ४० कोटी वार कापड पाठवायचं असेल तर इथल्या रुईच्या १५ लाख गाठी उचलायच्या. आता सांग, त्या बहिष्काराच्या हंगामात खामगावच्या बाजारात भाव किती पडला? गाडी भरून आलेल्या शेतकऱ्याला कुणी सांगितलं का, की ओसाकात असं असं झालंय? अडत्याला माहीत होतं का? आणि तिकडच्या गिरण्यांनी ऊमरा बंद झाल्यावर सुताचं काय केलं? हा प्रश्न टोकियोतल्या मुलीला सुचणार नाही आणि बोस्टनच्या मुलाला तर नाहीच नाही. तुला सुचेल, कारण दिवाळीच्या सुमारास दारात उभी कापसाची गाडी आणि भावाची वाट बघणारे आजोबा तू पाहिलेत.

शिवाय याची कागदपत्रं हाताशी आहेत. जपान सरकारच्या जुन्या दप्तरांचं एक केंद्र २००१ पासून आहे, आशियाई ऐतिहासिक नोंदींचं. लाखो पानं घरबसल्या, फुकट वाचता येतात, फक्त जपानी यायला हवी. म्हणून तर कांजीची वही म्हणते मी! इकडे १९१० चं बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, नागपूर आणि मुंबईची अभिलेखागारं आहेत. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलं तरी नावाला निजामाचं होतं, तेव्हा काही कागद हैदराबादेतही शोधावे लागतील, हे लक्षात ठेव.

इतिहास नको वाटला तर आजचं घे. जपानची खेडी रिकामी होत चालली आहेत, शेतात म्हातारे उरलेत, घरांना कुलपं आहेत. मोताळा, संग्रामपूरकडच्या गावांतून पोरं पुण्या-सुरतेला जातात, तो प्रश्न तुला नवा आहे का? किंवा नोक्यो घे, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था. महाराष्ट्रातल्या मुलीने सहकारावर प्रश्न विचारले तर ते नेमके जागी बसतात, कारण तिला त्यातलं गोड आणि कडू दोन्ही माहीत असतं.

विषय मात्र लहान धर. पहिला मसुदा लिहिताना सगळेच 'भारत-जपान संबंध: १८६८ ते आजपर्यंत' असं काहीतरी ठोकून देतात. पुरण जास्त भरलं की पोळी लाटताना फाटते, तसं होतं ते. एक बाजार, एक कंपनी, दहा वर्षं, एवढंच पुष्कळ. मार्गदर्शक निवडताना नाव किती मोठं यापेक्षा त्यांचे विद्यार्थी वेळेवर बाहेर पडतात का ते बघ. त्यांच्या हाताखालच्या जुन्या मुलींना गुपचूप विचार, मुली खरं सांगतात. एका ठिकाणी मी नुसत्या नावाला भुलून गेले होते, तिथे सर वर्षातून क्वचितच दिसायचे आणि मी त्यांच्या बंद दाराची चांगली अभ्यासक झाले.

पैशाचं बोलू, कारण तुझ्या बाबांना खरी काळजी त्याचीच आहे, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. नेट परीक्षेच्या विषयांच्या यादीत जपानीही आहे आणि 'इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज' हाही स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहेत. आपल्या राज्यात प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय यांच्या योजना असतात. नियम बदलत राहतात, तेव्हा कुणाच्या सांगण्यावर न जाता चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाच. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती दूतावासामार्फत मिळते, लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, फी, विमानभाडं आणि दरमहा खर्च त्यात येतो. संशोधनासाठी जायचं तर पस्तिशीच्या आतलं वय लागतं, म्हणजे तुला भरपूर वेळ आहे. आणि गं बाई, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, यातलं जे जे तुला लागू आहे ते घर सोडायच्या आधी काढून ठेव. दिल्लीत बसून बुलढाण्याच्या कचेरीतला कागद मिळवणं हे कांजीपेक्षा अवघड आहे. पासपोर्टवरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव अक्षरन्‌अक्षर एकच आहे ना, तेही बघ.

नोकरीचं खोटं सांगणार नाही. भाषा चांगली आली तर पुण्यातल्या कंपन्यांत, भाषांतरात, दुभाषी म्हणून काम मिळतं आणि ते लवकर मिळतं. पीएच.डी.चा रस्ता मात्र लांबचा आहे, प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत. म्हणून दोन्ही हातांत काहीतरी असू दे. एम.ए. संपेपर्यंत एन-२ चं लक्ष्य ठेव. तेवढं असलं की प्रबंध रखडला तरी तू उपाशी राहत नाहीस. बाबांना हेच सांग, याच क्रमाने. आधी भाषेचं, मग शिष्यवृत्तीचं, आणि जपान सर्वांत शेवटी. मी आधी जपान सांगितलं होतं, तिथेच सगळं बिनसलं.

इंग्रजीची भीती वाटते म्हणालीस. वाटणारच. दिल्लीच्या वर्गात काही मुलं अशी फाडफाड बोलतात की आपण वह्या आवरून मलकापूरची गाडी पकडावी असं वाटतं. पण थोडे दिवस कान देऊन ऐक, कळेल की निम्मे जण वाचून न येता बोलतायत. तू वाचून जा आणि प्रत्येक तासाला एकच प्रश्न विचार, आधी कागदावर लिहून. जपानीच्या वर्गात तर सगळेच शून्यापासून येतात, तिथे कॉन्व्हेंटवाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली एकाच बाकावर.

एक जपून राहा मात्र. देशाच्या प्रेमात पडायला हरकत नाही, पण आंधळं होऊ नकोस. चेरीची फुलं, वेळेवर येणारी रेल्वे, स्वच्छता, हे सगळं खरं आहे. कोरियावर १९१० पासून १९४५ पर्यंत याच जपानचं राज्य होतं आणि ते कसं होतं हेही खरं आहे. दोन्ही वाच. ज्या देशाचा अभ्यास करायचा त्याची वकिली आपल्याकडे नसते, एवढं एकदा डोक्यात बसलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. आणि कुणी तुला "मग तुला जपान आवडत नाही वाटतं?" विचारलं तर हसून सोडून दे, मलाही विचारतात.

बरं, आता कामाला लाग. तीन प्राध्यापक शोध, ज्यांनी जपानच्या शेतीवर, व्यापारावर किंवा खेड्यांवर काही लिहिलंय. त्यांचा एकेक लेख वाच, नुसतं शीर्षक नको, शेवटपर्यंत वाच. मग प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायचं, दहा-बारा ओळींचं, त्यात खामगावच्या बाजाराचा तुझा प्रश्न सरळ मांडायचा. मसुदा तू लिही आणि रविवारी मला पाठव. मी लाल पेन घेऊन बसते, पण आधीच सांगते, पहिली ओळ जर 'मला लहानपणापासून जपानची आवड आहे' अशी असली तर पूर्ण न वाचताच परत पाठवीन.